ई२० नंतर एअर इनटेक किटची लाट: तुमच्या गाडीला खरंच काही मिळतं का?

पेट्रोल गाडी चालवत असाल तर तुमच्या फीडमध्ये सध्या एक रील हमखास येत असणार. बॉनेट उघडलेलं, आत लाल शंकूसारखा फिल्टर, चकचकीत पाईप आणि खाली मजकूर: ‘ई२० ने खाल्लेलं मायलेज परत मिळवा’. माझ्या साताऱ्याच्या मावसभावाने मला अशीच एक रील पाठवली. सोबत एकच ओळ: “दादा, बसवू का?” त्याची गाडी २०१८ ची, १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, मेकॅनिक नाही. पण दिवसभर लॉग वाचणं हेच माझं काम, आणि आजची गाडी सेकंदाला ढीगभर लॉग देते. ते बघायला तुमच्याकडचा फोन पुरतो. त्यामुळे त्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगण्याआधी नीट हिशोब केला. तोच इथे मांडतोय.

आधी ई२० ने नक्की किती खाल्लं ते बघू

एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर इथेनॉलमध्ये साधारण २१. म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलं की लिटरमागची ऊर्जा शुद्ध पेट्रोलपेक्षा जवळपास ७ टक्क्यांनी कमी होते. पण त्याआधीही आपण शुद्ध पेट्रोल भरत नव्हतो, ई१० भरत होतो. ई१० वरून ई२० वर येताना फरक पडतो तो साडेतीन टक्क्यांच्या आसपास. १८ चं मायलेज देणारी गाडी १७.४ वर येईल, इतकाच हा हिशोब.

सरकारी कागदही फार वेगळं सांगत नाहीत. नीती आयोगाच्या २०२१ च्या इथेनॉल आराखड्यात, मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१० साठी कॅलिब्रेट केलेल्या चारचाकींना ई२० वर ६ ते ७ टक्के फटका बसेल असा अंदाज दिला होता. ई१० साठी बनवून ई२० साठी कॅलिब्रेट केलेल्या गाड्यांना १ ते २ टक्के. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सोशल मीडियावर आरडाओरडा झाला, पेट्रोलियम मंत्रालयाने खुलासे दिले, सप्टेंबरमध्ये इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. आता पंपावर ई२० आहे आणि बहुतेकांना दुसरा पर्याय नाही. माणसाला पर्याय नसला की त्याला उपाय विकणं सोपं जातं. ही लाट तिथूनच आली, असं माझं मत.

इथे मूळ मुद्दा लक्षात घ्या. ई२० मध्ये कमी झाली ती इंधनातली ऊर्जा. फिल्टर आत आणतो हवा. जी गोष्ट कमी पडलीच नाही ती जास्त आणून काय भरून निघणार?

हवेला अडवतो कोण?

विक्रेत्यांचा युक्तिवाद असा असतो की कंपनीचा कागदी फिल्टर हवेला अडवतो, त्यामुळे इंजिन गुदमरतं. ऐकायला पटतं. पण पेट्रोल इंजिनात हवा अडवण्याचं काम मुद्दाम ठेवलेल्या एका झडपेकडे असतं, ती म्हणजे थ्रॉटल. ताशी ६० ने शांत चालताना ती अगदी थोडी उघडी असते. पुण्यात बाहेरच्या हवेचा दाब साधारण ९५ किलोपास्कल असतो. थ्रॉटलच्या पलीकडे, मॅनिफोल्डमध्ये, अशा वेळी ३५ ते ५० च्या दरम्यान काहीतरी दिसतं. म्हणजे थ्रॉटल एकटी ४५ हून अधिक किलोपास्कल अडवतेय. स्वच्छ कागदी फिल्टर या वेगाला एक किलोपास्कलही अडवत नाही. तो अगदी काढून टाकला तरी तुमचा पाय नकळत ॲक्सिलरेटर केसभर कमी दाबेल, बस्स. इंजिनात जाणारी हवा तेवढीच, पेट्रोलही तेवढंच.

अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये याची उलट बाजू तपासली होती. त्यांनी मुद्दाम तुंबवलेले फिल्टर लावून गाड्या चालवल्या. फ्युएल इंजेक्शनच्या आधुनिक पेट्रोल गाड्यांमध्ये मायलेजवर लक्षणीय परिणाम दिसला नाही; पिकअप मात्र मंदावला. तुंबलेल्या फिल्टरने मायलेज पडत नसेल, तर मोकळ्या फिल्टरने ते वाढेल कसं? कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांची गोष्ट वेगळी होती. ‘फिल्टर साफ कर, ॲव्हरेज वाढेल’ हा घरातल्या मोठ्यांचा सल्ला त्या काळातला आहे, आणि त्या काळात तो खरा होता.

थ्रॉटल पूर्ण उघडी असताना आणि आरपीएम वर असताना मात्र फिल्टरचा संबंध येतो. तुमच्या गाडीत तिथे किती वाव आहे हे फोनवर मोजता येतं. ईएलएम३२७ प्रकारचा ब्लूटूथ डोंगल स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला लावा आणि टॉर्क किंवा कार स्कॅनरसारखं ॲप जोडा. इग्निशन ऑन, इंजिन बंद, अशा वेळी मॅनिफोल्ड प्रेशरचा आकडा म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब. समजा ९५. मग मोकळ्या रस्त्यावर, दुसऱ्याला चालवायला सांगून, दुसऱ्या गिअरमध्ये काही क्षण पूर्ण ॲक्सिलरेटर. लॉग घरी येऊन बघा. आकडा ९३ पर्यंत जात असेल तर जगातला सर्वात महागडा इनटेकही जास्तीत जास्त उरलेल्या दोनातलंच काहीतरी देऊ शकतो, कारण त्या दोनात पाईप आणि थ्रॉटलचा वाटाही आहेच. टर्बो गाड्यांना ही चाचणी लागू नाही.

शंकू फिल्टर आणि ट्रॅफिकमधली गरम हवा

आता त्या लाल शंकूकडे येऊ. तो बॉनेटखाली उघडा बसतो. कंपनीचा एअर बॉक्स कुरूप दिसतो खरा, पण त्याचं नाक ग्रिलजवळ असतं आणि तो बाहेरची हवा ओढतो. उघडा फिल्टर रेडिएटरवरून आलेली तापलेली हवा ओढतो. माझ्या एका मित्राच्या गाडीत असा फिल्टर आहे. एका दुपारी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये आम्ही दोघांच्या गाड्यांचं इनटेक एअर तापमान लॉग केलं. माझ्या मूळ बॉक्सवाल्या गाडीत ४४ अंश, त्याच्याकडे ६३. हवेची घनता तापमानाच्या उलट चालते, ती केल्विनमध्ये मोजायची. ३१७ आणि ३३६ केल्विन. म्हणजे त्याच्या इंजिनात त्या क्षणी जाणारी हवा जवळपास ६ टक्के विरळ होती. शिवाय हवा गरम झाली की नॉकिंग टाळायला ईसीयू इग्निशन टायमिंग मागे घेतो. मोकळ्या रस्त्यावर हा फरक बराच मिटतो, पण हिंजवडीत मोकळा रस्ता आणायचा कुठून!

मग मित्र ‘गाडी हलकी वाटते’ म्हणतो ते खोटं आहे का? नाही. मूळ बॉक्सला जोडलेला रेझोनेटर नावाचा पोकळ डबा इनटेकचा आवाज दाबतो. तो गेला की इंजिनाची गुरगुर ऐकू येते आणि कान डोक्याला सांगतात की गाडी जोरात पळतेय. आवाजासाठी पैसे मोजायचे असतील तर बिनधास्त मोजा, फक्त त्याला मायलेज म्हणू नका.

सेन्सरचं गणित, आणि ई२० इथे खरंच मध्ये येतं

ई२० आणि इनटेक यांचा खरा संबंध आहे, पण रीलमध्ये सांगतात त्याच्या उलटा. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. ई१० साठी हवा-इंधन प्रमाण साधारण १४.१ ला १, ई२० साठी १३.५ ला १. म्हणजे तेवढ्याच हवेला सुमारे ४ टक्के जास्त इंधन द्यावं लागतं. जुन्या गाडीच्या ईसीयूला पेट्रोल बदलल्याचं माहीत नसतं. तो एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरकडे बघून इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो. ही दुरुस्ती ॲपवर ‘लाँग टर्म फ्युएल ट्रिम’ नावाने दिसते. तिला मर्यादा असते. ती ओलांडली की चेक इंजिनचा दिवा लागतो. ई२० ने त्या मर्यादेतला थोडा भाग आधीच वापरलाय.

आता ज्या गाड्यांत एमएएफ सेन्सर आहे, म्हणजे येणारी हवा थेट मोजणारी तापलेली तार, तिथे पाईपचा व्यास बदलला तर काय होतं बघा. सेन्सर ७० मिलिमीटर व्यासाच्या पाईपसाठी कॅलिब्रेट केलेला. किटचा पाईप ७६ चा. क्षेत्रफळ १८ टक्क्यांनी वाढलं, त्यामुळे तेवढीच हवा जाताना तिचा वेग सुमारे १५ टक्क्यांनी घटला. सेन्सरला वाटतं हवा कमी आली. ईसीयू पेट्रोल कमी सोडतो, मिश्रण लीन होतं, आणि ट्रिमला पुन्हा वर चढावं लागतं. ई२० ने ढकललं त्याच दिशेने. पी०१७१ हा एरर कोड दिसला तर त्याचा अर्थ हाच: मिश्रण लीन आहे. तेल लावायच्या कापडी फिल्टरमध्ये तेल जास्त झालं तर ते त्या तारेवर बसून तिचं रीडिंग बिघडवू शकतं, तो वेगळाच ताप.

भारतातल्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत एमएएफ नसतो, मॅनिफोल्डचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. त्यांना पाईपचा व्यास एवढा त्रास देत नाही. ॲपमध्ये ‘एमएएफ’ची किंमत दिसते म्हणून सेन्सर आहेच असं समजू नका, काही ॲप ती गणिताने काढतात. एअर बॉक्सनंतरच्या पाईपवर वायर जोडलेला सेन्सर आहे का ते डोळ्याने बघा.

धूळ: खोक्यावर न लिहिलेला आकडा

एक लिटर पेट्रोल जाळायला साधारण ९ हजार लिटर हवा लागते. १५ च्या मायलेजने १० हजार किलोमीटर म्हणजे ६० लाख लिटर हवा फिल्टरमधून गेली. आपल्याकडच्या रस्त्यांवर त्या हवेत बारीक मातीचे कण असतात आणि ते सिलिंडरच्या भिंती आणि पिस्टन रिंग घासतात.

म्हणून फिल्टर निवडताना मी सगळ्यात आधी ‘किती हवा सोडतो’ हे विचारत नाही, ‘किती धूळ अडवतो’ हे विचारतो. यासाठी आयएसओ ५०११ ही प्रमाणित चाचणी आहे. तिचे आकडे देणारा ब्रँड गंभीर समजायचा. आकडे वाचताना एक गंमत लक्षात ठेवा: ९९ टक्के आणि ९८ टक्के हे जवळजवळ सारखे वाटतात, पण पहिला १ टक्का धूळ आत सोडतो आणि दुसरा २, म्हणजे दुप्पट. विक्रेत्याकडे हा आकडा नसेल आणि फक्त ‘एचपी वाढते’ असं सांगत असेल, तर मी पुढे सरकतो.

पाऊस आणि आरटीओ

काही किटमध्ये थंड हवेसाठी पाईप खाली बंपरमागे नेतात. कल्पना बरोबर आहे, आपला जुलै मात्र चुकीचा आहे. साचलेल्या पाण्यात ते तोंड बुडालं तर इंजिन पाणी ओढतं. पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन प्रोटेक्ट ॲड-ऑन नसेल तर साध्या पॉलिसीत हे नुकसान सहसा बसत नाही. मुंबई, ठाणे, कोकणात गाडी फिरत असेल तर हा प्रकार मी सरळ टाळेन.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीवरचे तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा बदल करायचा नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच अधोरेखित केलं. नियमबाह्य बदलासाठी कलम १८२ए(४) मध्ये प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. एअर फिल्टर आरसीवर नसतो, त्यामुळे त्याच बॉक्समध्ये त्याच मापाचा फिल्टर टाकणं ही देखभाल, असं मी समजतो. पूर्ण किटमुळे आवाज किंवा धूर वाढला तर प्रश्न विचारला जाणारच. खोक्यावर ‘५० राज्यांत कायदेशीर’ असं छापलेलं असेल तर ती राज्यं अमेरिकेतली आहेत.

मग मी भावाला काय सांगितलं? रोजची गाडी, टर्बो नाही, ईसीयू ट्यून नाही: कंपनीचा कागदी फिल्टर वेळेवर बदल, काहीशे रुपयांत काम होतं, आणि टायरमधली हवा तपास. धुऊन पुन्हा वापरता येणारा पॅनेल फिल्टर हवाच असेल तर मूळ बॉक्समध्ये बसणारा घे, तेल मोजून लाव. टर्बो गाडी आहे, ट्यून करून घ्यायची आहे, ट्रॅकवर न्यायची आहे, अशांसाठी झाकलेल्या बॉक्सचा इनटेक अर्थपूर्ण आहे. तिथेही सेन्सरच्या जागेचा व्यास मूळइतकाच आहे ना, हे कॅलिपरने मोजून घ्यावं.

यानंतरही किट बसवायचंच ठरलं, तर आधी आठवडाभर फ्युएल ट्रिम आणि इनटेक तापमान लॉग करून फाईल सेव्ह करा, बसवल्यावर त्याच रस्त्यावर पुन्हा. ट्रिम आधीपेक्षा पाच-सात अंकांनी वर गेली तर क्लॅम्प तपासा, कुठून तरी हवा घुसतेय. मायलेज टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल असंच मोजा. आणि जुना एअर बॉक्स, रेझोनेटर, सगळे स्क्रू एका पिशवीत घालून माळ्यावर ठेवा. वॉरंटीचा वाद झाला, पीयूसी अडला किंवा गाडी विकायची वेळ आली, की तो काळा प्लॅस्टिकचा डबा सगळ्यात आधी शोधावा लागतो.