घामावरील कर

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांत पाळीपाळीने राबणाऱ्या कामगाराचे निरोगी शरीर हीच त्याची खरी पुंजी होय. ती राखण्यासाठी तो व्यायामशाळेचे शुल्क भरतो, ह्यास चैन म्हणता येणार नाही. तरीही सरकार २०१७ पासून ह्या शुल्कावर शेकडा १८ वस्तू व सेवा कर घेत आले. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो शेकडा ५ झाला, हे स्वागतार्हच आहे. हजार रुपयांच्या शुल्कावर १८० रुपयांऐवजी आता ५० रुपये कर पडतो.

परंतु एवढ्यावर समाधान मानणे इष्ट नव्हे. नव्या दराबरोबर व्यायामशाळेच्या चालकाची एक सवलत गेली आहे. यंत्रे आणि जागेचे भाडे ह्यांवर भरलेला कर त्याला आता वळता करून घेता येत नाही. हा बोजा त्याने मूळ शुल्कात मिसळला, तर सभासदाच्या पदरात काय पडणार? शिवाय त्याच दिवसापासून वैयक्तिक आरोग्यविम्याचा हप्ता करमुक्त झाला. आजारपणाची तरतूद करमुक्त, आणि आजार टाळण्याचा यत्न मात्र करपात्र, ही विसंगती नव्हे काय?

केंद्र व राज्यांच्या वस्तू व सेवा कर परिषदेने व्यायामाचे शुल्क संपूर्ण करमुक्त करावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. तोवर चालकांनी करकपातीचा लाभ सभासदाच्या पावतीत उतरवावा. दिवसभर घाम गाळून कर भरणाऱ्याने आरोग्यासाठी गाळलेल्या घामावरही कर द्यावा, हे न्यायाचे नाही.