टॉवर आला, दवाखाना कुठाय?

मंडळी, बदलापूरच्या कुठल्याही नव्या टॉवरचं ब्रोशर उघडा. जॉगिंग ट्रॅक, योगा डेक, क्लबहाऊस... तब्येतीची काय ती काळजी! ऑफिसात याला 'एरिया डेव्हलप होतोय' म्हणतात. माझं तर डोकंच फिरतं.

२००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूर लाखाच्या आत होतं, २०११ ला पावणेदोन लाखांच्या घरात. (२०२१ ची जनगणना तर वेळेवर झालीच नाही.) लोड एवढा वाढणार हे माहीत असून कपॅसिटी प्लॅनिंग केलं नाही, तर आपला मॅनेजर आपल्याला फाडून खाईल. इथे बिल्डरचा प्लॅन पास करताना पार्किंग मोजतात, हॉस्पिटलच्या खाटा कोण मोजतंय? सीरियस पेशंट असला आणि खिसा रिकामा असला, की अजूनही उल्हासनगर तीन नंबरचं सेंट्रल हॉस्पिटल गाठायचं. तिथून पुढे कळवा, नाहीतर सायन!

आपलं काय, कॅशलेस कार्ड आहे. खरी गोची इथेच आहे. ज्यांच्या तक्रारीची दखल घेतली जाते, तेच सरकारी दवाखान्याची पायरी चढत नाहीत. मग तो सुधारावा म्हणून बोंबलणार कोण? आणि आपल्यामुळे भाडी वाढली, की धुणीभांडी करणाऱ्या मावशी वांगणी-शेलूला सरकतात. बदलापूरच्या पुढे लोकल कमी, त्यात ओपीडीला गेल्या तर त्या दिवसाचा पगार कट.

नाहीतर मग वालधुनीचा काठ. अंबरनाथचं १०६० सालचं शिवमंदिर जिच्या काठावर आहे, तीच नदी. २०१४ च्या नोव्हेंबरअखेर उल्हासनगरात कोणीतरी तिच्यात टँकरभर केमिकल ओतलं आणि शेकडो लोकांना श्वास घेता येईना. टॉवरवाला खिडकी लावून एसी सुरू करतो, पत्र्याच्या खोलीत काय लावणार?

'मग आम्ही घरं घ्यायचीच नाहीत का?' घ्या की! १९८२ च्या संपानंतर गिरणगावातून बाहेर फेकलेली किती घरं याच लाइनीला आली. आता त्यांचीच पोरं पुढच्याला ढकलतायत, एवढंच. २०२४ ला अंबरनाथच्या सरकारी मेडिकल कॉलेजचं उद्घाटन झालं, उत्तमच झालं. पण तापाला मेडिकल कॉलेज लागत नाही, गल्लीतला दवाखाना लागतो.

स्विमिंग पूलच्या क्लोरीनवरून सोसायटीच्या ग्रुपवर शंभर मेसेज पडतात ना? मग एक अर्ज नगरपरिषदेलाही टाका: आमच्या प्रोजेक्टकडून विकास शुल्क किती घेतलं आणि त्यातले दवाखान्यांवर किती खर्च केले? माहिती अधिकाराला दहा रुपये लागतात.