पॅच गोळा करा, पण अर्ध्यावर थांबू नका

मुलांनो, आणि मुलांच्या खांद्यावरून हे पान वाचणाऱ्या आई-बाबांनो,

आपल्या वर्गात ‘माझा छंद’ या विषयावर मुले बोलली, तेव्हा लष्करी हवाई बचाव तुकड्यांच्या कापडी पॅचची वही पाहून काही पालक कुरकुरले. “युद्धाच्या वस्तू मराठीच्या वर्गात कशाला?” शंका रास्त आहे. माझे म्हणणे असे, की हा छंद जरूर करावा. मात्र पॅच विकत आणून प्लॅस्टिकच्या खिशात सरकवला म्हणजे छंद झाला, असे समजू नये.

या तुकड्यांचे काम म्हणजे शत्रूच्या हद्दीत किंवा समुद्रात पडलेल्या माणसाला शोधून जिवंत परत आणणे. अमेरिकेची ‘एअर रेस्क्यू सर्व्हिस’ १९४६ साली सुरू झाली. त्यांच्या ब्रीदवाक्याचा अर्थ आहे ‘दुसरे जगावेत म्हणून’, आणि पॅराशूटने उतरणाऱ्या जवानांच्या चिन्हात पृथ्वीला कवेत घेतलेला देवदूत असतो. यातली एक तुकडी आपल्या अगदी शेजारी आहे. १०१ वरून मॉफेट फील्डजवळून जाताना जी हेलिकॉप्टरे दिसतात, त्यांतली बरीच १२९व्या रेस्क्यू विंगची. २००५ च्या कट्रीना आणि २०१७ च्या हार्वे वादळात हेच लोक मदतीला धावले होते.

मला स्वतःला सर्वांत आवडणारी गोष्ट मात्र आसामात सुरू होते. २ ऑगस्ट १९४३ रोजी चाबुआहून चीनकडे निघालेले सी-४६ विमान नागा डोंगरांवर बिघडले. आतल्या २१ पैकी २० जण पॅराशूटने उतरून वाचले. एरिक सेव्हरीड हे नामवंत वार्ताहर त्यांत होते. जखमींसाठी डॉक्टर डॉन फ्लिकिंजर आणि दोन वैद्यकीय सहायक यांनीही त्या जंगलात उड्या घेतल्या. त्यांना परत न्यायला विमान उतरू शकणार नव्हते. येताना सगळ्यांबरोबर पायीच यायचे होते. पॅरारेस्क्यूची परंपरा या उडीपासून मोजतात. पण खाली त्या माणसांना आसरा कोणी दिला? परतीच्या वाटेवर सोबत कोण चालले? नागा लोक. त्यांचा पॅच कुठल्याही वहीत नाही.

त्या आघाडीवरच्या अमेरिकन सैनिकांच्या खांद्यावर चीनचा सूर्य आणि भारताचा तारा असलेला पॅच असे. त्यांतले कित्येक आपल्याकडच्या शिंप्यांनी हाताने, जरीच्या तारेने भरलेले आहेत. एकाचा तारा तिरका, दुसऱ्याच्या सूर्याचे किरण जाडजूड. इंजिनियर माणसाला असा मापाबाहेरचा माल खटकायला हवा, पण इथे तो तिरका ताराच मौल्यवान! (नकली माल फार आहे. अतिनील दिव्याखाली धरून पाहा. अलीकडचा धागा बहुधा निळसर चमकतो, १९४० च्या दशकातला सुती धागा चमकत नाही. कडेला गोफासारखी जाड ओव्हरलॉक शिवण असेल तरी सावध व्हा. ती पद्धत पुढे आली.)

मुलांना सर्वांत आवडतात ती हिरवी पावले. व्हिएतनाम युद्धातल्या अगडबंब बचाव हेलिकॉप्टरांना, भाज्यांच्या डब्यावरच्या हिरव्या राक्षसावरून ‘जॉली ग्रीन जायंट’ म्हणू लागले आणि पॅचवर त्याची पावले आली. मला ती पाहून गौरीची पावले आठवतात. तीही घरात येणाऱ्याचीच खूण. सुटका झालेल्या वैमानिकाच्या पार्श्वभागावर त्या पावलांचा शिक्का मारण्याची प्रथाही होती म्हणे!

हसून झाले की पुढचे वाचा. एप्रिल १९७२ मध्ये आइसील हॅम्बल्टन हे एकटे अधिकारी शत्रूच्या गराड्यात अडकले. त्यांना आणायला गेलेले ‘जॉली ग्रीन ६७’ हे हेलिकॉप्टर ६ एप्रिलला पाडले गेले आणि आतले सहाही जण मरण पावले. अखेर त्यांना सोडवले ते अमेरिकन नौदलाचे थॉमस नॉरिस आणि दक्षिण व्हिएतनामचे नुयेन वान कीएत यांनी, रात्री कोळ्यांच्या वेशात होडी वल्हवत. एका माणसासाठी इतके जीव द्यावेत का, यावर आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर वाद झाला आणि मिटला नाही. मिटायची मला घाईही नाही. ज्या वहीमुळे दहा-बारा वर्षांचे मूल असा प्रश्न विचारते, ती वही युद्धाचे कौतुक करते असे मी तरी मानणार नाही.

म्हणून वर्गापुढे माझी सूचना: प्रत्येक पॅचमागे एक कार्ड लावायचे, मराठीत, पाच ओळींचे. तुकडी कोणती, कोणाला वाचवले, कोण परत आले नाही, पॅच न मिळालेले कोण मदतीला होते, आणि हा तुकडा तुमच्याकडे कसा आला. किंमत लिहायची नाही. जुन्या जॅकेटवरचा पॅच उसवायचाही नाही. ज्याचे जॅकेट, त्याचे नाव विचारून घ्यायचे.

कोरी कार्डे मी पुढच्या शनिवारी आणतो. कोणाच्या आजी-आजोबांनी आसाम किंवा नागालँडमध्ये नोकरी केली असेल, तर त्यांना फोन लावून तिथले डोंगर, पाऊस आणि वाटा कशा होत्या ते विचारून या. पहिले कार्ड १९४३ च्या उडीचे करू. त्याची चौथी ओळ त्यांच्याकडूनच भरून घ्यायची आहे.