प्रातःकाळची अर्थवार्ता

पहांटेच्या वेळीं दारावर येणाऱ्या दोन पाहुण्यांची आपल्या महाराष्ट्रास फार जुनी ओळख आहे. एक वासुदेव व दुसरा पिंगळा. मोरपिसांची टोपी घालून वासुदेव येतो तो दानधर्माची आठवण करून देतो. पिंगळा येतो तो पुढें काय होणार हें सांगून पसाभर धान्य घेऊन जातो. आतां या दोघांचें येणें विरळ झालें आहे, आणि त्यांच्या जागीं दूरचित्रवाणीवरील निवेदक घरांत येऊन बसला आहे. हा नवा पाहुणा सकाळच्या प्रहरीं आपल्याशीं काय बोलतो यास आम्ही लहान गोष्ट समजत नाहीं. म्हणून त्याच्या कामाविषयीं, व विशेषतः जो अर्थवार्ताहराचा पेशा करून मग या आसनावर येतो त्याच्याविषयीं, चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

न्याहारीच्या वेळीं दूरचित्रवाणीवरून बातम्या सांगण्याची चाल अमेरिकेंत देशव्यापी स्वरूपांत सुरू झाली ती १४ जानेवारी १९५२ रोजीं, ‘टुडे’ या कार्यक्रमानें. इंग्लंडांत बी. बी. सी. नें ती १७ जानेवारी १९८३ रोजीं उचलली. आपल्याकडे दूरदर्शनचें सकाळचें प्रक्षेपण २३ फेब्रुवारी १९८७ पासून होऊं लागलें. पुढें १९९९ च्या अखेरीस आपल्या देशांत केवळ अर्थव्यवहारास वाहिलेली इंग्रजी वाहिनी निघाली, आणि शेअरबाजार उघडण्यापूर्वीं तज्ज्ञ मंडळींची चर्चा ऐकण्याची संवय शहरांतील लोकांस लागली. हल्लीं बाजार सव्वानऊ वाजतां उघडतो. तत्पूर्वीं पडद्यावर आंकड्यांची जी धांवपळ चालते व अमुक भाव चढेल, तमुक उतरेल असें जें भविष्य वर्तविलें जातें, तें ऐकलें म्हणजे पिंगळा गेलेला नाहीं, त्यानें केवळ वेष पालटला आहे, असें म्हणावेंसें वाटतें.

परंतु सर्वच निवेदक पिंगळ्याच्या पंथाचे नसतात. नागा मंचेटी या बाईंचें उदाहरण घेऊं. त्यांचा जन्म १९७५ सालीं लंडन शहरीं झाला. वडील मॉरिशसचे व आई हिंदुस्थानची. लीड्स विद्यापीठांत इंग्रजी वाङ्मयाचा अभ्यास पुरा करून त्या वृत्तपत्रसृष्टींत शिरल्या, त्या थेट पैशाच्या पानांवर. प्रथम ‘इव्हनिंग स्टँडर्ड’ पत्राचीं अर्थविषयक पानें, मग ‘ऑब्झर्व्हर’ पत्राचा व्यापारविभाग, पुढें रॉयटर्स, सी. एन. बी. सी. व ब्लूमबर्ग यांच्या अर्थविषयक दूरचित्रवाणी, अशी त्यांची वाट झाली. २००८ सालीं त्या बी. बी. सी. च्या ‘वर्किंग लंच’ या कार्यक्रमांत आल्या. बचत, पेन्शन, घरावरील कर्ज या गोष्टी सामान्य माणसास उलगडून सांगण्यासाठीं हा दुपारच्या जेवणवेळचा कार्यक्रम १९९४ पासून चालला होता. तो २०१० सालीं बंद पडला, तेव्हां बाई न्याहारीच्या कार्यक्रमाकडे वळल्या, व २०१४ पासून तेथें नियमितपणें दिसूं लागल्या.

अशा स्थित्यंतरास कित्येक विद्वान नाकें मुरडतात. जो गंभीर आंकड्यांत वावरला त्यानें हवा, खेळ व नटनट्या यांच्या गप्पांत बसावें, ही त्यांस पायरी उतरणें वाटते. आमचें मत याच्या अगदीं उलट आहे. शेअरबाजाराच्या वाचकांसाठीं लिहिणारास वाचक आधींच तयार मिळालेला असतो. त्यास पैसा कळतो म्हणूनच तो तें पान उघडतो. न्याहारीच्या वेळीं मात्र समोर असते ती डबा भरणारी आई, गणवेष चढविणारा मुलगा आणि चहाचा पेला हातीं घेतलेले आजोबा. त्यांस व्याजाचा दर वाढल्यानें आपल्या घरांत काय होईल हें तीन मिनिटांत समजावून सांगणें हें कठीण काम होय. पैशाची विद्या पेढीवरून चुलीपाशीं नेणें ही पायरी उतरणें नसून पायरी चढणें आहे, असें आम्ही मानतों.

आपल्या प्रांतांत या वाटेनें गेलेल्या व्यक्तींत श्रीमती सुचेता दलाल यांचें नांव आम्ही प्रथम घेऊं. त्या न्याहारीच्या कार्यक्रमांत बसल्या नाहींत हें खरें. परंतु पेढीचा हिशेब चुलीपाशीं नेण्याचें तेंच काम त्यांनीं दुसऱ्या मार्गानें केलें. त्यांचें शालेय शिक्षण बेळगांवच्या कॉन्व्हेंट शाळेंत झालें. धारवाडच्या कर्नाटक कॉलेजांत त्यांनीं संख्याशास्त्राचा अभ्यास केला व मुंबईस कायद्याची पदवी मिळविली. १९८४ च्या सुमारास त्या अर्थविषयक वृत्तलेखनांत शिरल्या. २३ एप्रिल १९९२ रोजीं ‘टाइम्स ऑफ इंडिया’ पत्रांत त्यांनीं भारतीय स्टेट बँकेंतील सुमारे ५०० कोटी रुपयांच्या तफावतीचें वृत्त दिलें, आणि हर्षद मेहता प्रकरणास वाचा फुटली. आदल्याच दिवशीं मुंबई शेअरबाजाराचा निर्देशांक ४४६७ या तोंवरच्या सर्वोच्च अंकावर चढला होता. सारें शहर ज्याचा जयजयकार करीत होतें त्याच्या हिशेबाची वही उघडून दाखविण्यास केवढें धैर्य लागलें असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

तें प्रकरण होतें तरी काय? बँका आपसांत सरकारी रोख्यांची खरेदीविक्री करीत, व प्रत्यक्ष रोखा हातीं न देतां त्याची पावती देत. जणूं बाजारांत गाय न आणतां गाईची चिठ्ठी द्यावी व तेवढ्यावर पैसे मोजून घ्यावे. गोठ्यांत गाय आहे तोंवर चिठ्ठीस कांहीं अर्थ असतो. येथें कित्येक चिठ्ठ्यांमागें गायच नव्हती, आणि मधले दलाल तो पैसा शेअरबाजारांत ओतून भाव चढवीत होते. अशा पोकळ पावत्या देणाऱ्या बँकांत आपल्या साताऱ्याकडील बँक ऑफ कराड ही एक होती, व ती त्यांतच बुडाली. जानकीरामन समितीनें एकंदर गोंधळाची रक्कम सुमारे ४००० कोटी रुपये ठरविली. मुंबईच्या एका गल्लींतील व्यवहाराचा धक्का कराडच्या ठेवीदारापर्यंत पोहोंचतो, ही गोष्ट खेड्यापाड्यांतील माणसानें कधींही विसरूं नये.

या कीर्तीनंतर श्रीमती दलाल यांस मोठ्या पत्रांतील उच्च आसनावर स्वस्थ बसतां आलें असतें. पती देबाशीष बसू यांच्यासह त्यांनीं त्या प्रकरणावर ग्रंथ लिहिला. २००६ सालीं त्यांस ‘पद्मश्री’ मिळाली. परंतु त्याच सालीं ‘मनीलाइफ’ हें नियतकालिक निघालें, आणि २०१० सालीं त्याच नांवाची लोकशिक्षणाची संस्था उभी राहिली. ठेवीदारास त्याचे हक्क समजावणें, विम्याच्या कराराचा अर्थ सांगणें, फसव्या योजनांविषयीं सावध करणें, हीं कामें ती संस्था मोफत करीत आली आहे. १९९२ च्या त्या प्रकरणावर २०२० सालीं निघालेली चित्रमालिका लाखों लोकांनीं पाहिली. आम्हांस मात्र वाटतें कीं, घोटाळा उघडकीस आणण्याच्या एका दिवसापेक्षां पुढचीं हीं शिकविण्याचीं वर्षें अधिक मोलाचीं आहेत.

हें सर्व अकोल्याच्या वाचकांस आम्ही कां सांगतों, असें कोणी विचारील. उत्तर आपल्याच मातींत आहे. या तालुक्यांतील देवगांवचे राघोजी भांगरे यांनीं इंग्रज सरकार व सावकार या दोघांविरुद्ध शस्त्र उचललें, आणि २ मे १८४८ रोजीं ठाण्याच्या तुरुंगांत त्यांस फांशी झाली. पुढें १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें पेटलेला दंगा आपल्या नगर जिल्ह्यांतही पसरला. त्यांत रयतेचा रोख सावकाराच्या जिवावर फारसा नव्हता. तो त्याच्या दप्तरावर होता. खतें व रोखे हस्तगत करून लोकांनीं ते जाळले. ज्या कागदावर आपला अंगठा आहे त्यांत काय लिहिलें आहे तें वाचतां येत नाहीं, म्हणून तो कागदच जाळावयाचा! १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यानें कुळास पावती, वर्षाचा हिशेब व पासबुक मागण्याचा हक्क दिला. हक्क मिळाला, पण तें पासबुक वाचावें कसें हें घरोघर जाऊन कोणी शिकविलें नाहीं.

आज अंगठ्याच्या जागीं सही आली आहे, परंतु न वाचतां सही करणें व न वाचतां अंगठा देणें यांत फरक तो काय? आपल्या जिल्ह्यांतील नगर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँक शंभर वर्षांहून जुनी होती. रिझर्व्ह बँकेनें डिसेंबर २०२१ मध्यें तिच्यावर निर्बंध घातले, व ४ ऑक्टोबर २०२३ रोजीं तिचा परवाना रद्द केला. त्या वेळीं ठेवीचा विमा किती, तो कोणास मिळतो, अर्ज कोठें करावयाचा, हे प्रश्न कित्येक सुशिक्षित घरांतही प्रथमच विचारले गेले असतील. बँकेंतील ठेवीस विम्याचें संरक्षण १९६२ पासून आहे, व त्याची मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून एक लाखावरून पांच लाखांवर नेण्यांत आली. परंतु पतसंस्थेंतील ठेवीस हें संरक्षण नाहीं. पतसंस्था व सहकारी बँक यांच्या पाट्या एकाच रस्त्यावर शेजारीं शेजारीं असतात. दुधाचा पगार व उसाचें बिल दोहोंकडे ठेवलें जातें. दोहोंतील हा भेद ठेवीदारास पैसे ठेवण्यापूर्वीं ठाऊक असावा, एवढीच आमची मागणी आहे. आणि तो सांगण्यास सकाळच्या वेळेहून चांगली वेळ नाहीं. कारण दिवस चढला म्हणजे माणूस शेतावर जातो, व पैसे मागणारा गोडबोल्या मनुष्य दारीं येतो.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, उठल्याबरोबर पैशाच्या गोष्टी करणें हें लोभ वाढविणें होय. आम्ही म्हणतों, लोभ वाढतो तो भविष्य सांगितल्यानें. हिशेब सांगितल्यानें तो आवरतो. एखादा गृहस्थ दरमहा दहा टक्के व्याज देण्याचें वचन देतो असें समजा. चक्रवाढीनें एक लाखाचे वर्षअखेर तीन लाखांहून अधिक होतील, आणि पांच वर्षांत तीन कोटींहून अधिक. हें गणित नववीचा विद्यार्थी पाटीवर करील. असा कोणता प्रामाणिक धंदा आहे, कीं जो पांच वर्षांत लाखाचे तीन कोटी करून देतो? हा एक प्रश्न सकाळीं सकाळीं पडद्यावरून विचारला गेला, तर कित्येक घरचे दागिने घरांतच राहतील.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दूरचित्रवाणीवर जाहिरातदाराचें राज्य असतें. जो पैसे देतो त्याच्याविरुद्ध निवेदक कसा बोलेल? हें भय खोटें नाहीं. म्हणूनच या आसनावर केवळ गोड गळ्याचा मनुष्य न बसवितां ज्यानें वृत्तपत्रांत राहून हिशेब तपासले आहेत, व मोठ्या माणसाची गैरमर्जी सोसली आहे, असा मनुष्य बसवावा असें आम्हांस वाटतें. ज्यास ताळेबंद वाचतां येतो त्याच्या तोंडून खोटी स्तुति सहसां निघत नाहीं, कारण ती खोटी आहे हें प्रथम त्यासच कळतें. आणि असें बोलणें इंग्रजींत झाल्यानें आमच्या शेतकऱ्याचें काम भागत नाहीं. तें मराठींत, आणि तेंही घरगुती मराठींत व्हावयास पाहिजे. मुद्दल, व्याज, तारण, जामीन, गहाण, ताळेबंद हे शब्द आपल्या भाषेंत पूर्वींपासून नांदत आहेत. ते वापरणारी माणसें मात्र हवीं आहेत.

विद्यार्थीबंधुभगिनींनो, शाळा सुटल्यावर काय व्हावें असें विचारलें असतां तुम्ही डॉक्टर, शिक्षक, इंजिनियर अशीं उत्तरें देतां. तीं उत्तम आहेत. त्यांत अर्थवार्ताहर हें आणखी एक नांव घाला. या कामास श्रीमंत बापाची गरज नाहीं. सरळव्याज व चक्रवाढव्याज यांचा पक्का अभ्यास, शुद्ध व सोपें मराठी, आणि मोठ्या माणसास नम्रपणें पण न भितां प्रश्न विचारण्याची संवय, एवढी शिदोरी त्यास पुरे. त्यांपैकीं पहिल्या दोन गोष्टी शाळेच्या वर्गांत मिळतात. तिसरी ज्याची त्यानें मिळवावयाची असते.

तोंवर एक लहान काम तुमच्या हातीं आहे. या सुट्टींत घरांतील ठेवीच्या पावत्या व पासबुकें वडिलांच्या परवानगीनें एकदां मांडून बसा. ही संस्था बँक आहे कीं पतसंस्था, ठेवीस विमा आहे कीं नाहीं, मुदत केव्हां संपते, वारस म्हणून कोणाचें नांव लागलें आहे, हे चार प्रश्न विचारा व उत्तरें आजीस समजतील अशा भाषेंत तिला सांगा. ज्यास हें नीट सांगतां आलें, त्यानें या पेशाचा पहिला धडा गिरविला असें आम्ही समजूं.