बार्शी लाइटची चाकं झाकू नका

‘चाकं झाकली की कुठलीही चासी चालते,’ हा छोट्या रेल्वेची मॉडेलं करणाऱ्यांचा लाडका सल्ला. तयार एन गेज इंजिन घ्या, कवच उतरवा, आपलं चढवा, बाजूच्या टाक्या जरा खाली ओढा. काल्पनिक इंजिनासाठी ते खुशाल करा. बार्शी लाइट या अरुंद रुळाच्या रेल्वेसाठी मात्र हा सल्ला साफ चुकीचा आहे.

१८९७ साली कुर्डुवाडी-बार्शी गाडी सुरू झाली, ती अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉपच्या एका हट्टावर. रूळ हलके. म्हणून कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको. भार वाटायचा तर आस वाढवायला हवेत. लीड्सच्या किटसनकडून आलेल्या ‘ए’ वर्गाच्या इंजिनांना म्हणूनच जोडलेली आठ चाकं आणि मागे चारचाकी बोगी. तिथे सहाचाकी चासी घालून ती झाकणं म्हणजे कॅलथ्रॉपचा मुद्दाच झाकणं!

दुसरीकडे शुद्धतावादी म्हणतात, उसनी चासी नकोच, सगळं हाताने घडवा. लेथ असेल त्याने जरूर घडवावं. पण दोन्ही बाजूंच्या क्रँकमधला नव्वद अंशांचा कोन चारही आसांवर सारखा बसावा लागतो; एकावर चुकला की इंजिन लंगडतं. बार्शीची गाडी रांगत्या वेगात सुरेख दिसते, आणि लंगडणं नेमकं तिथेच उघडं पडतं. कारखान्यात बसवलेले गिअर वापरण्यात कसला कमीपणा?

डोनर, म्हणजे चासी उसनी देणारं तयार इंजिन, घ्या, पण मोजून. वळसंगसारख्या गावात बसून इंजिन हातात घेऊन बघता येत नाही, पार्सलच येतं. १:८७ प्रमाणात ७६२ मि.मी. रूळ पावणेनऊ मि.मी. होतो, म्हणजे एन गेजचा ९ मि.मी. रूळ चालतो. (माथेरानचा ६१० मि.मी. सात होतो, तिथे हेच डोनर नको.) आता जपानी डी५१ इंजिन बघा: आठ जोडचाकं, अस्सल व्यास १४०० मि.मी. १:१५० मॉडेलमधलं तेच चाक आपल्या प्रमाणात सुमारे ८१२ मि.मी. भरतं, म्हणजे बत्तीस इंची. अरुंद रुळाला अगदी शोभेसं. पुढची न जोडलेली दोन चाकं काढायची, आसांमधली अंतरं ‘ए’ वर्गाच्या नकाशाशी ताडायची आणि मगच पैसे भरायचे. डी५१चं टेंडर गेलं की वीज उचलणारी चाकं कमी होऊ शकतात. म्हणून मागच्या बोगीला पितळी पट्ट्या लावून तिथूनही मोटरला तार जोडा.