तारापूरचे इंधन आणि लंडनची पंगत

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या कशावर चालाव्यात, याचा निर्णय कित्येक वर्षे लंडन, वॉशिंग्टन आणि व्हिएन्ना येथे होत होता. बोईसर-पालघरच्या आपल्या घरांतून ही गोष्ट फारशी बोलली जात नाही. ती बोलली जावी, असे आम्हांस वाटते.

८ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकेने भारताशी करार केला आणि तारापूरला तीस वर्षे समृद्ध युरेनियम पुरविण्याचे वचन दिले. १९६९ पासून वीज मिळू लागली. पुढे १८ मे १९७४ रोजी पोखरणला स्फोट झाला. त्यासाठी लागलेले प्लुटोनियम तुर्भ्याच्या 'सायरस' भट्टीतले होते, तारापूरचे नव्हे. तारापूर तर आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली होते. गुन्हा म्हणायचाच तर तो तुर्भ्याला घडला आणि दंड भरला तारापूरने!

१९७५ साली सात देश लंडनमध्ये एकत्र आले. अमेरिका, रशिया, ब्रिटन, फ्रान्स, कॅनडा, पश्चिम जर्मनी आणि जपान. ना तह, ना न्यायासन, ना अपिलाची सोय. अणुसामग्री कोणाला द्यायची, याची मार्गदर्शक सूत्रे त्यांनी आपसांत ठरविली. त्यांतूनच आजचा अणुपुरवठादार गट वाढला. १९७८ साली अमेरिकेने स्वतःचा कायदा बदलला आणि लेखी वचन असूनही तारापूरचा पुरवठा आटला. मग १९८२ साली तोड निघाली ती अशी की, त्याच सातांपैकी फ्रान्सने, अमेरिकेच्याच संमतीने, इंधन द्यावे! १९९५ साली चीनने दिले. तो तेव्हा गटाबाहेर होता. २००१ साली रशियाने दिले, तेव्हा बहुतेक सभासदांनी आक्षेप घेतला. नियम सुरक्षिततेसाठी असतील, तर ते माणसे पाहून कसे बदलतात?

अशा ऐच्छिक आघाड्यांचे समर्थक सांगतात की, संयुक्त राष्ट्रसंघ नकाराधिकाराने जखडलेला असतो. संकटसमयी चार समविचारी देशांनी पुढे यावे हे बरे. यात तथ्य नाही असे नाही. अण्वस्त्रांची भीती खरीच आहे. परंतु करारापूर्वी चारच महिने, ११ एप्रिल १९६३ रोजी, पोप तेविसावे जॉन यांनी 'पाचेम इन तेरिस' या परिपत्रकात अण्वस्त्रबंदी मागताना आणखी एक गोष्ट मागितली होती: जागतिक सत्ता सर्व राष्ट्रांच्या संमतीने उभी राहावी, बळाने लादली जाऊ नये. लंडनच्या पंगतीत नेमकी ती संमतीच वाढली गेली नाही.

आणि आपण? ६ सप्टेंबर २००८ रोजी व्हिएन्नात भारताला सूट मिळाली. ऑस्ट्रिया, आयर्लंड, न्यूझीलंड या लहान देशांच्या हरकती अमेरिकेच्या दडपणापुढे टिकल्या नाहीत. आपल्याकडे मात्र पेढे वाटले गेले. २०१६ साली आपण सभासदत्वासाठी अर्ज केला, तो चीनने अडविला. दिल्लीची तक्रार पंगतीबद्दल नव्हतीच, पाटाबद्दल होती.

हाच न्याय घरातही चालतो. तारापूरच्या ३ व ४ क्रमांकाच्या भट्ट्यांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. त्या मच्छीमारांना आणि शेतकऱ्यांना कोणत्या बैठकीत खुर्ची होती? अणुपुरवठादार गटाची दारे ठोठावणाऱ्या सरकारने याचे उत्तर आधी बोईसरला द्यावे.