खेळाचे नियम कोण ठरवतं?

गेल्या ८ मार्चला नांदेडच्या आमच्या वस्तीत आम्ही भाषणं ठेवली नव्हती. एक जुना संगणक, एक टेबल आणि लातूरहून आलेली सतरा वर्षांची एक मुलगी, एवढाच कार्यक्रम. तिने स्वतः तयार केलेला खेळ बायकांनी खेळून बघायचा होता. सुरुवातीला कुणी पुढे येईना. ‘पोरासोरांचं काम हाय ते,’ म्हणून सगळ्या मागे सरकल्या. मग एका मावशींनी पदर खोचला आणि खुर्चीत बसल्या. दोन मिनिटांतच त्या ओरडल्या, ‘अगं माय, सांडली की माझी घागर!’ त्यानंतर टेबलाभोवती उभं राहायला जागा उरली नाही.

खेळ अगदी साधा होता. पडद्यावर एक मुलगी आहे, तिच्या डोक्यावर घागर आहे. टँकरपासून घरापर्यंत पाणी न्यायचं. वाटेत दगड, कुत्री, सायकली. धक्का लागला की पाणी सांडतं. पिंप भरलं की दप्तर घेऊन शाळेत पळायचं. घंटा व्हायच्या आत पोचलात तर जिंकलात.

त्या दुपारी कुणीच जिंकलं नाही.

हे मला आधीच माहीत होतं. आमच्या लातूरच्या रविवारच्या वर्गात ती हा खेळ करत होती, तेव्हा मी तिला म्हटलं होतं, ‘अगं, वेळ थोडा वाढव. जिंकता तर यायला हवं ना!’ ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, ‘ताई, मला कुठं कधी जिंकता आलं?’ एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं. त्या वर्षी पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावायची वेळ आली होती. ही मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. टँकर आधी की शाळा आधी, हा प्रश्न तिच्या घरात कुणाला पडलाच नव्हता. वर्तमानपत्रांत रेल्वेचे फोटो छापून आले. शाळेत उशिरा पोचलेल्या मुलींची नोंद कुठे झाल्याचं मी पाहिलेलं नाही. तिने ती दहा वर्षांनी, खेळात केली.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन मी या कामात आले त्याला बारा वर्षं झाली. किशोरी मुलींसाठी कार्यक्रमाचा आराखडा करायला बसलं की माझ्या हातून आपोआप लिहिलं जातं : शिवणक्लास, पार्लर, टॅली, टायपिंग. मुलगी पहिल्यांदा म्हणाली, ‘ताई, मला गेम बनवायला शिकायचंय,’ तेव्हा मीही तेच बोलले जे तिच्या घरचे बोलले असते : ‘त्याचा उपयोग काय?’ मुलाने हे विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं? बहुधा ‘वा, हुशार आहेस’ असंच! मुलींच्या शिकण्याला लगेच मिळकत जोडायची आणि मुलांच्या शिकण्याला कुतूहल म्हणायचं, ही सवय आपल्या गटांतही मुरलेली आहे. ती माझ्यात किती मुरलीय, हे मला त्या दिवशी कळलं.

मग आम्ही दोघी मिळून शिकलो. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत तयार झालेलं ‘स्क्रॅच’ नावाचं साधन २००७ सालापासून सर्वांसाठी मोफत आहे. एकदा संगणकावर घेतलं की इंटरनेट नसलं तरी चालतं. त्यात आज्ञा टाइप करायच्या नसतात. रंगीत ठोकळे एकमेकांना जोडायचे असतात. आमच्याकडचे ठोकळे इंग्रजीत होते, म्हणून मुलींनी पुठ्ठ्यावर मराठी शब्द लिहून भिंतीला लावले : ‘जर-तर’, ‘पुन्हा पुन्हा’, ‘थांब’. जर घागर दगडाला लागली, तर पाणी १० ने कमी. पाणी शून्य झालं, तर पुन्हा टँकरपाशी. चार-पाच रविवारांत खेळ उभा राहिला.

मग एक अडचण आली. पहिल्यांदा खेळ नीट चाले, दुसऱ्यांदा सुरू केला की घागर आधीच रिकामी. पाण्याचा आकडा तर शून्याच्या खाली, उणे ४० वर गेलेला! मला काही सुचेना. ती मात्र दोन तास ठोकळे वरखाली करत राहिली आणि शेवटी हसली. सुरुवातीला ‘पाणी १०० कर’ असं सांगायचंच राहून गेलं होतं. कालची रिकामी घागर घेऊनच आजचा खेळ सुरू होत होता. चूक सापडल्याचा तो आनंद मी तिच्या तोंडावर पाहिला, तेव्हा ‘उपयोग काय’ हा प्रश्न माझ्यापुरता मिटला. मुलीची चूक झाली की तिला गप्प बसवायचं, हीच आपली रीत. इथे चूक झाली तर कुणी रागवत नाही. शोधायची, दुरुस्त करायची, पुढे जायचं.

आता पुन्हा ८ मार्चकडे येते. सगळ्या हरत होत्या आणि मागून एक आजीबाई इतका वेळ नुसतं बघत होत्या. त्यांनी विचारलं, ‘का गं, ह्या पोरीला भाऊ न्हाई का? त्यो काय करायलाय?’

मुलगी गडबडली. म्हणाली, ‘भाऊ हाय की. मी त्याचं चित्र काढलंच नाही.’

बायका हसल्या, मग गप्प झाल्या. आम्ही वर्षानुवर्षं शिबिरांतून ‘श्रमविभागणी’ हा शब्द फळ्यावर लिहितो, त्याने जे होत नाही ते त्या एका प्रश्नाने झालं. पुढच्या रविवारी मुलीने खेळात भाऊ आणला. त्याच्या हातात कळशी दिली. आता हा खेळ दोघांनी खेळायचा आहे. घंटेची वेळ तिने एका सेकंदानेही वाढवलेली नाही. मुलगी एकटी कितीही पळाली तरी हरते. दोघांनी पाणी भरलं तर दोघंही शाळेत पोचतात.

मैत्रिणींनो, मला यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही. घरातले नियम आपल्याला पावसापाण्यासारखे वाटतात, कुणी केलेले नाहीत, आपोआप आहेत असे. खेळ तयार करणाऱ्या मुलीला मात्र प्रत्येक नियम स्वतः लिहावा लागतो. दगड कुठे ठेवायचा, कुणाच्या डोक्यावर घागर द्यायची, कुणाचं चित्र काढायचंच नाही, हे कुणीतरी ठरवलेलं असतं आणि ते बदलता येतं, हे तिच्या बोटांना कळतं. पुस्तकातून ‘पितृसत्ता’ समजून घेण्याइतकंच हे मोलाचं आहे.

खेळातून नीती शिकवणं आपल्याला नवीन नाही. ज्ञानदेवांच्या नावाशी जोडला जाणारा मोक्षपट म्हणजे पाप-पुण्याचा हिशेबच होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्लंडला गेला आणि तिथे त्याची मुलांची सापशिडी झाली. पटावर साप कुठे आणि शिडी कुठे, हे ज्याने पट आखला त्याने ठरवलं. बायकांनी आखला असता तर साप दुसऱ्या घरांत असते!

आणि हे क्षेत्र पुरुषांचं, असंही समजायचं कारण नाही. अमेरिकेत १९४६ साली एनिॲक हा संगणक जगापुढे आला, त्याचे कार्यक्रम सहा स्त्रियांनी लिहिले होते. कौतुक मात्र यंत्र बांधणाऱ्या पुरुषांचं झालं. १९८२ सालचा ‘रिव्हर रेड’ हा गाजलेला खेळ कॅरल शॉ या स्त्रीने केला. कोलकात्याच्या लीना केजरीवाल यांनी २०१६ मध्ये ‘मिसिंग’ हा खेळ आणला. त्यात खेळणाऱ्याला विकल्या गेलेल्या मुलीच्या जागी उभं राहून सुटकेचा मार्ग शोधावा लागतो. आपल्या पुण्यात श्रुती घोष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला ‘राजी’ हा खेळ २०२० मध्ये जगभर गेला. त्याची नायिका एक मुलगी आहे, पळवून नेलेल्या धाकट्या भावाला सोडवायला निघालेली.

वाट सोपी आहे असं नाही. २०१४ मध्ये पाश्चात्त्य देशांत या क्षेत्रातल्या बायकांना बलात्काराच्या आणि खुनाच्या धमक्या आल्या. खेळांमधल्या स्त्रीचित्रणावर बोलणाऱ्या अनिता सार्कीशियन यांना अमेरिकेतल्या एका विद्यापीठातलं व्याख्यान रद्द करावं लागलं. म्हणजे माजघर असो की संगणक, बाई नियमांबद्दल बोलू लागली की काय होतं, हे आपण ओळखतो.

आपल्याकडचा अडथळा त्याही आधी येतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया ३३.३ टक्के, तर पुरुष ५७.१ टक्के. त्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. घरातला फोन भावाचा असतो. तिला मिळतो तो रात्री भाऊ झोपल्यावर. लातूर ‘पॅटर्न’चं शहर, नांदेडलाही शिकवण्यांच्या पाट्यांची रांग. त्या गर्दीत डॉक्टर-इंजिनिअर सोडून काही करू पाहणारी मुलगी म्हणजे वाया गेलेली. जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या आर्थिक दुर्बल, मराठा आणि इतर मागासवर्गीय मुलींना व्यावसायिक शिक्षणात पूर्ण शुल्कमाफी दिली. हे पाऊल स्वागतार्हच आहे. पण संगणकासमोर बसायचा वेळ शासन निर्णयाने मिळत नाही. तो घरातून काढून घ्यावा लागतो.

आमच्या मुलीच्या बाबतीतही तेच झालं. वडील रिक्षा चालवतात. ‘गेम’ हा शब्द कानावर पडताच त्यांनी वर्ग बंद केला. त्यांचंही अगदीच चुकलं असं म्हणवत नाही. शेजारच्या तरुणाने फोनवरच्या पैशांच्या खेळात घर कर्जात बुडवलं होतं. तसल्या खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला, तोवर किती घरं धुऊन निघाली! शिवाय याच सुमारास मुलीला एक स्थळही आलं होतं. तीन रविवार ती आली नाही. चौथ्या रविवारी मी घरी गेले आणि वडिलांना म्हटलं, ‘भाऊ, एकदा येऊन बघा, मग तुम्ही म्हणाल तसं.’

ते आले. दारातच उभे राहिले. मुलीने काही समजावलं नाही. फक्त खुर्ची सरकवली आणि म्हणाली, ‘अप्पा, तुम्ही कळशी घ्या.’ पहिल्या दोन खेपांना त्यांनी सगळं पाणी सांडलं. तिसऱ्या खेपेला बापलेक घंटेच्या आत शाळेत पोचले. अप्पा बराच वेळ पडद्याकडे बघत बसले. उठताना एवढंच म्हणाले, ‘डिप्लोमा होऊ द्या. मग बघू.’

स्थळ मोडलेलं नाही, थांबलंय. घरातलं पाणी अजून तीच भरते. मी याला विजय म्हणणार नाही. पण दोन वर्षं हातात आली आहेत, आणि आपल्या कामात दोन वर्षं म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणून गटांपुढे काही गोष्टी ठेवते. आपापल्या गावातल्या शाळेची संगणक-खोली रविवारी मुलींसाठी उघडी मिळावी, अशी मागणी करा. कुलपाची किल्ली कुणाकडे असते, तेही विचारा. कार्यालयातला जुना संगणक धूळ खात असेल तर मुलींच्या हाती द्या. शिकवणारी बाई मिळाली नाही तरी अडून बसू नका, मीही मुलींबरोबरच शिकले. पालकांना आधी बोलवा, तक्रार आल्यावर नको. आणि पुढचा आराखडा लिहिताना ‘उपयोग काय’ हा रकाना मुलींसाठी थोडा वेळ कोरा ठेवा.

तुमच्या वस्तीतल्या मुलींनी खेळ करायला घेतला तर त्यात त्या कुणाच्या डोक्यावर काय देतील? विचारून बघा. आणि त्या काय म्हणाल्या, ते आम्हाला जरूर लिहून कळवा.